बोलण्यात बदल

बार्शीची गाडी फलाटाला लागत होती. गुरुशांतने माईकचं बटण दाबायला बोट उचललं, तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. सवयीने त्याने नजर टाकली. 'आपल्या बोलण्यात बदल आढळला आहे. कृपया आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा.' त्याने फोन पालथा घातला आणि बटण दाबलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सोलापूरहून वैरागमार्गे बार्शीला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागली आहे." बटण सोडलं. आवाज बाहेरच्या कर्ण्यांतून फिरून, स्टँडच्या छताला आपटून, खिडकीतून त्याच्याकडे परत आला, आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याने तो कान देऊन ऐकला. 'लागली'मधला ला जरा लांबला होता का? 'सातवर' म्हणताना मध्येच श्वास घेतला होता. रोजच घेत असेन, त्याला वाटलं. की नाही घेत? शेजारच्या खुर्चीवर आबासाहेब गाड्यांच्या नोंदी करत बसले होते. निवृत्तीला आलेले, सांगोल्याकडचे. वर न पाहताच ते म्हणाले, "गुरुशांत, घसा बसलाय का रं आज?" तो म्हणाला, "नाही." एवढंसं उत्तर विचित्र वाटेल म्हणून त्याने पुढे जोडलं, "थंड पाणी प्यालो जरा." आणि लगेच वाटलं, हे खोटं कशाला बोललो? सकाळपासून तो थंड पाणी प्यालाच नव्हता. आबासाहेब पुन्हा कागदात गेले होते. त्यांनी उत्तर ऐकलंही नसावं.

निरोप दवाखान्याच्या ॲपकडून आला होता. चार वर्षांपूर्वी गुरुशांत आजारी पडला होता. डोक्याने, असं तो स्वतःच सांगत असे, कारण त्याच्या डॉक्टर मानेमॅडम यांनी लपवायचं नाही असं बजावलं होतं. गोळ्या सुरू झाल्या, तो कामावर परतला, आणि गेल्या वर्षी मॅडमनी त्याच्या फोनमध्ये हे ॲप घालून दिलं. आठवड्यातून एकदा फोन वाजायचा आणि एका मुलीचा गोड, कुणाचाच नसलेला आवाज विचारायचा, 'हा आठवडा कसा गेला? मोकळेपणाने सांगा.' तो सांगायचा. पलीकडे माणूस नव्हतं, यंत्र होतं. ते ऐकायचं: शब्द किती वेगाने येतात, कुठे अडतात, एक वाक्य पुढच्या वाक्याचा हात धरतं की सोडून देतं. आजार उलटायचा असेल तर पुष्कळदा तो आधी बोलण्यात उतरतो, मॅडम म्हणाल्या होत्या. तुम्हाला स्वतःला कळायच्या आधी आपल्याला कळेल. तेव्हा ह्या वाक्याने त्याला केवढा धीर आला होता. अंधारात पुढे कुणी कंदील घेऊन चाललंय असं वाटलं होतं. आता तेच वाक्य छातीवर येऊन बसलं. मला कळायच्या आधी. म्हणजे मला अजून कळलेलं नाही. म्हणजे ह्या खुर्चीत, ह्या घटकेला, मी बरा आहे असं जे मला वाटतंय ते... पुढचं त्याने मनातही पुरं केलं नाही. तुळजापूरची गाडी आली होती. तिचं सांगणं बरं होतं. गावाचं नाव बदललं की झालं, बाकीचं वाक्य कुणीतरी फार पूर्वीच बांधून ठेवलेलं होतं, आणि त्यात चुकायला जागा नव्हती.

या आठवड्यात आपण काय बोललो होतो ते तो आठवू लागला. रविवारी गच्चीवर जाऊन बोलला होता. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, तिथून सुरुवात केली. मग भवानी पेठेतलं जुनं घर, भिंतीला भिंत लावून असलेला तेलुगू कुटुंबाचा माग, दिवसभर चालणारी त्याची खटखट, तिच्या ठेक्यावर भाकरी थापत गाणारी आई. बोलता बोलता कानडी आली होती. घरची भाषा तीच, आईची तर तेवढीच. एरवी यंत्राशी तो शाळेत उभं केल्यासारखा बोलायचा. त्या दिवशी पहिल्यांदा बोलणं आपलं आपण वाहत गेलं होतं आणि खाली उतरताना त्याला हलकं वाटलं होतं. तेच चुकलं की काय? बरं वाटणं हीच सुरुवात असेल तर? मागच्या खेपेलाही सुरुवातीला किती बरं वाटलं होतं. एक गोष्ट मात्र त्याने यंत्राला सांगितली नव्हती, आणि खरं तर स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. बटण दाबल्यावर आणि तोंड उघडायच्या आधी माईकमध्ये एक बारीक गुणगुण उमटते. वर्षानुवर्षं उमटते. गेल्या आठवड्यात त्या गुणगुणीतून कुणीतरी हाक मारली होती, 'गुरण्णा'. त्याने मागे वळून पाहिलं होतं. आबासाहेब चहाला गेले होते, दार लोटलेलं होतं. त्या नावाने त्याला हाक मारणारं एकच माणूस होतं आणि ते आता नव्हतं. गुणगुण ती गुणगुणच, त्याने स्वतःला समजावलं होतं. नंतर ती पुन्हा आली. त्यानंतर त्याने मोजायचं सोडून दिलं. बटण दाबल्यावर तो आताशा जरा थांबत असे, इतकंच.

चार वर्षांपूर्वी त्याला कळलं होतं की लोकांच्या फोनवर त्याच्याबद्दल निरोप येतात. कळलं होतं, वाटलं नव्हतं. फलाटावर उभी असलेली माणसं एकदम फोनकडे बघायची आणि मग नियंत्रण कक्षाच्या खिडकीकडे. कंडक्टर आपापसांत हसायचे. घरी महानंदा, त्याची बायको, फोन घेऊन गॅलरीत जायची. "तुझ्या फोनवर माझ्याबद्दल काय आलंय?" तो विचारायचा, आणि ती म्हणायची, "काही नाही हो, आईचा फोन होता." फोन त्याच्या हातात द्यायची. तो बघायचा; काही नसायचं; म्हणजे तिने पुसलेलं असायचं. शेवटी एका दुपारी तो खोलीतून बाहेर पडला आणि मोहोळच्या गाडीची वाट बघत बसलेल्या एका कॉलेजच्या पोरीच्या हातून फोन हिसकावून त्याने फरशीवर आपटला. ती पोरगी ओरडली नाही. नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरू लागला. त्या ओठाने त्याला भानावर आणलं असं तो म्हणत असे, पण ते खरं नव्हतं. भानावर यायला पुढे कितीतरी महिने आणि गोळ्या लागल्या. ओठ मात्र तसाच राहिला होता. कधी दाढी करताना, कधी गाडीची पाटी वाचताना मध्येच यायचा.

आणि आता खरोखरच त्याच्याबद्दल निरोप आला होता. त्याच्या फोनवर. फक्त त्याच्याच? ड्युटी संपवून जुळे सोलापूर भागातल्या घराकडे जाणाऱ्या रिक्षात बसताना हा प्रश्न त्याला पडला आणि उरलेला सगळा रस्ता पुरला. ॲप घालताना मॅडमनी विचारलं होतं, घरच्या कुणाला कळवायचं का? तो काय म्हणाला होता? महानंदा शेजारीच बसली होती. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. म्हणजे हो म्हणाला असणार. म्हणजे आत्ता तिच्या फोनवर... विचारता आलं असतं. घरात शिरताच सरळ विचारायचं, 'तुझ्या फोनवर माझ्याबद्दल काही आलंय का?' रिक्षात त्याने ते वाक्य हलक्या आवाजात म्हणून पाहिलं. तेच वाक्य. शब्दाला शब्द. तेव्हा ते वेडाचं होतं, आज शहाणपणाचं आहे, हे तिला कशावरून कळावं? मला तरी कशावरून कळतंय? रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. गुरुशांतने फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलत असल्यासारखं केलं.

घरी पाण्याचा दिवस होता. नळाला इतक्या दिवसांनी पाणी आलेलं, महानंदा साडी खोचून पिंप भरत होती, त्यांची मुलगी संस्कृती नववीचं पुस्तक मांडीवर ठेवून मोटारीचं बटण सांभाळत होती. सगळं रोजचं होतं. महानंदाचा फोन फ्रीजवर पालथा ठेवलेला होता. तो नेहमी पालथाच असतो का? ती म्हणाली, "आलात? आज लवकर." लवकर नव्हता आला. रोजच्याच वेळेला आला होता. मग ती असं का म्हणाली? जेवताना तिने ताटात कडक भाकरी मोडून दिली, शेंगाचटणी वाढली आणि भाकरीकडे बघतच म्हणाली, "गोळी घेताय ना वेळेवर?" तो घेत होता. पण 'घेतो की' म्हणावं, की 'हो' म्हणावं, की 'आज असं का विचारतेस' म्हणावं, ह्यात वेळ गेला आणि तेवढ्या वेळात तिने वर पाहिलं. प्रत्येक वाक्य बाहेर सोडायच्या आधी तो ते मनात एकदा बोलून बघत होता; त्याला पुढे-मागे ओढून, घट्ट आहे ना हे तपासत होता. फार बोलू नये. गप्पही बसू नये. गप्प बसणं त्यांच्या यादीत असतं. विषय बदलू नये. "हो. मी गोळी वेळेवर घेत आहे," तो म्हणाला. "आज पाणी चांगल्या दाबाने आले आहे." संस्कृती हसली. "पप्पा, अनाउन्समेंट केल्यासारखं काय बोलताय?" महानंदा हसली नाही. तिने पोरीला ताट उचलायला सांगितलं आणि फ्रीजवरचा फोन घेऊन गॅलरीत गेली. काच ओढून घेतली. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. गुरुशांतने ताटातली चटणी बोटाने गोळा केली, पसरली, पुन्हा गोळा केली. उठून काच सरकवायची नाही. फोन मागायचा नाही. मी उठत नाही, तो स्वतःला सांगत होता, मी बसलोय, मी चटणी खातोय. मांडीखाली दाबून धरलेला त्याचा डावा हात घामाने चिकट झाला होता.

सकाळी संस्कृती शाळेला गेली आणि घरात दोघंच उरली. त्याला झोप लागली नव्हती. तिलाही लागली नसावी, कारण तो कूस बदलायचा तेव्हा तिचा श्वास थांबायचा. ती चहा गाळत होती. मागून तिची मान दिसत होती, आणि त्या मानेकडे बघता बघता त्याच्या लक्षात आलं की हे आणखी एक दिवसही त्याच्याने निभणार नाही. तिच्याबद्दल नाना शंका घेत राहण्यापेक्षा वेडा ठरणं परवडलं. "महानंदा," तो म्हणाला, "तुझ्या फोनवर माझ्याबद्दल काही आलंय का?"

गाळणी तिच्या हातात तशीच राहिली. चहा कपाच्या काठावरून बशीत गेला. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चार वर्षांपूर्वीचा तो चेहरा येऊ बघत होता आणि ती त्याला येऊ देत नव्हती.

"आलंय," ती म्हणाली. "काल दुपारी."

तो खुर्चीत बसला. आतून काहीतरी सुटलं आणि त्या सुटण्यातूनच संताप वर आला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुम्हाला पण आलं असणारच की."

"आणि गॅलरीत कुणाशी बोलत होतीस?"

"मॅडमशी. आज सकाळचंच बोलावलंय त्यांनी."

"म्हणजे माझ्या मागे तुमचं सगळं ठरलं."

"होय, ठरलं," महानंदा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. "मागच्या खेपेला तुम्ही विचारायचात आणि मी नाही म्हणायची. खरंच काही नसायचं, म्हणून नाही म्हणायची. तरी तुम्ही माझ्याकडे असं बघायचात... मला रात्री पोरीला घेऊन माहेरी जावंसं वाटायचं. आता काहीतरी आहे तर मी काय म्हणू? कसंही म्हटलं तरी तुम्ही तसंच बघणार, एवढंच कळत होतं मला." तिने बशीतला चहा कपात ओतला आणि कप त्याच्यासमोर ठेवला. "प्या. आणि चला." तो प्याला. तिच्याकडे कसं बघावं ते कळेना, म्हणून कपाकडे बघत प्याला.

मानेमॅडमचा दवाखाना सात रस्त्याच्या पुढे, एका चष्म्याच्या दुकानावर होता. पन्नाशीच्या बाई, कोकणातून लग्न होऊन इकडे आलेल्या, बोलताना चष्मा काढून हातात धरायची सवय. त्यांनी दोघांना बसवलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "मला कानडी येत नाही," त्या म्हणाल्या, "पण हे वाचताना मला काहीतरी वाटलं. म्हणून आधी तुम्हालाच ऐकवते." गच्चीवरचा त्याचा आवाज खोलीत आला. वाऱ्याची सळसळ आणि तो. पडद्यावर यंत्राने लिहून घेतलेलं होतं: 'हवा मग गाच्या ठेक्यावर हाडं म्हणायची.' गुरुशांतने ते वाचलं आणि त्याच्या कानशिलांतून कळ गेली. हे मी बोललो? हवा हाडं म्हणायची? हे बोलणारा माणूस आपण दारात उभा केला नसता. पण महानंदा पुढे वाकली होती. "परत लावा की मॅडम." पुन्हा वारा, पुन्हा तो. तिने तोंडावर हात धरला, आणि हाताआडून जे आलं ते हसू होतं की रडू ते तिलाही ठरवता आलं नसतं. "हवा कुठली. अव्वा. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. मग्ग म्हणजे माग, हाडु म्हणजे गाणं. अव्वा मागाच्या ठेक्यावर गाणं म्हणायची, असं म्हणतायत हे."

मॅडमनी चष्मा टेबलावर ठेवला. खाली आणखी तशाच ओळी होत्या. प्रत्येक ठिकाणी यंत्राला कानडी शब्द लागला होता आणि त्याने जवळचा मराठी शब्द घेऊन पुढे पाऊल टाकलं होतं, आणि प्रत्येक पावलागणिक गुरुशांत अधिक वेडा झाला होता. "त्याला फक्त मराठी शिकवलीय," मॅडम म्हणाल्या. "मी कळवते त्यांना. सोलापुरात एका भाषेत बोलणारा माणूस शोधावाच लागेल." त्या मोकळ्या हसल्या. महानंदा हसली. कालपासून आवळलेले तिचे खांदे त्याच्या डोळ्यांदेखत खाली आले आणि ती एकदम तरुण दिसली. तिने स्कूटरची किल्ली पर्समधून काढून हातात घेतली. मॅडम केसपेपर ओढून रोजच्यासारखं विचारत गेल्या. भूक? चांगली. झोप? काल नाही, पण त्याचं कारण कळलंच आपल्याला. चिडचिड? "आवाज वगैरे काही?" लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, पेनाचं टोक 'नाही' लिहायला टेकलेलं होतं.

नाही म्हणायचं आणि उठायचं. यंत्र चुकलं होतं. त्याला गुणगुणीतलं काही माहीत नव्हतं. ती त्याच्या कानावर कधी गेलीच नव्हती. मॅडमना माहीत नव्हतं, महानंदाला नव्हतं. कालपासून त्याला भीती होती की सगळ्यांना कळलंय, आणि आता दिसत होतं की कुणालाच कळलेलं नाही. जगात एकट्या त्याला. ह्याचा आनंद व्हायला हवा होता. पण खुर्चीच्या हातावरची त्याची पकड सुटेना. महानंदाच्या हातातली किल्ली किणकिणली. सांगितलं तर ते खांदे पुन्हा वर जातील, आणि ह्या खेपेला आपल्यामुळे. सांगितलं तर गोळ्या वाढतील. गोळ्या वाढल्या की माईक नुसता माईक होईल. बटण दाबलं की गुणगुण, आणि गुणगुणीत कुणी नाही. हेच होतं ते. त्याने स्वतःशी आजवर पुरं न केलेलं वाक्य हेच होतं. हाक येऊ नये असं त्याला वाटतच नव्हतं. मग फरशीवर आपटलेला तो फोन आठवला, आणि ती पोरगी. तेव्हाही कुणाला काही कळायच्या आधी त्याला एकट्यालाच कळत होतं.

"येतो," तो म्हणाला.

पेन थांबलं.

"आवाज येतो. माईकमध्ये. अव्वाचा." बोलणं सुरू झालं तसं ते थांबेना. कानडी आली, मराठी आली, त्याने सावरली नाही. "गुरण्णा म्हणते. दुसरं काही बोलत नाही, वाईट नाही बोलत. पहिल्यांदा घाबरलो. आता... आता मी बटण दाबून थांबतो मॅडम. मुद्दाम थांबतो. बाहेर माणसं सामान घेऊन उभी, गाडी लागलेली, आणि कर्ण्यातून नुसती गुणगुण, आणि मी वाट बघतोय. आबासाहेबांना वाटतं घसा बसला. परवा अक्कलकोटची गाडी सुटून गेली तरी मी थांबूनच होतो. एक म्हातारी राहिली खाली. खिडकीशी येऊन भांडली." तो महानंदाकडे वळला नाही. "काल तू विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो."

मॅडमनी संगणकाचा पडदा मिटवला आणि खुर्ची टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आणली. बराच वेळ त्या विचारत होत्या आणि तो सांगत होता. औषध वाढवलं. काही आठवडे माईकवर बसायचं नाही, त्या म्हणाल्या. डेपोला चिठ्ठी देते, दुसरं काम द्यायला सांगते. लवकर सांगितलंत, फार लवकर सांगितलंत, हे त्या दोनदा म्हणाल्या. आवाज जाईल.

"जाईलच?" त्याने विचारलं.

त्याने कसं विचारलं ते महानंदाने ऐकलं. तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली. "त्या मला सुद्धा आवडायच्या हो," ती कानडीत म्हणाली. मॅडमना ते कळलं नाही, आणि कुणी त्यांना सांगितलंही नाही.

खाली आल्यावर तिने स्कूटर काढली, तो मागे बसला. ऊन तापलं होतं. सात रस्त्याच्या सिग्नलला त्यांना थांबावं लागलं. शेजारी उसाच्या रसाचा चरक चालू होता, एक बस इंजिन चालू ठेवून गुरगुरत होती, मागून कुणी उगाच हॉर्न देत होतं. तिच्या पाठीवरून त्याला कळत होतं की ती रागावलेली आहे, घाबरलेली आहे, आणि दोन्हीचं काय करावं ते तिला सुचत नाहीये. मान न वळवता ती म्हणाली, "आत्ता येतोय?"

त्याने कान दिला. खरंच ऐकलं. चरकाची घरघर ऐकली, बसच्या इंजिनाखालची बारीक गुणगुण ऐकली, तिथे जरा जास्तच थांबला.

"आत्ता नाही," तो म्हणाला.

ते खरं होतं. पण त्याच्या शब्दाखेरीज तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, आणि हे दोघांनाही एकाच वेळी कळलं. सिग्नल सुटला तेव्हा तिने हात मागे करून त्याचा गुडघा चाचपला, तो नीट बसलाय ना ते पाहिलं, आणि गाडी काढली.